गौरीच्या जेवणाला आयत्या वेळी पाने वाढली, तर स्वयंपाक कुठे अडतो आणि कसा सोडवावा

गौरी अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर परत जातात. त्यामुळे सगळा मोठा स्वयंपाक मधल्या एकाच दिवसावर येतो आणि त्याच्या तयारीला फक्त एक रात्र मिळते. आवाहन होऊन भाजी-भाकरीचा नैवेद्य दाखवून होतो, संध्याकाळी सात-साडेसातला फोन येतो आणि पलीकडून नणंद सांगते, "वहिनी, ह्यांनाही सुट्टी मिळाली, उद्या आम्ही सगळेच येतो." आमच्या डोंबिवलीच्या घरात दोन शेगड्यांच्या ओट्यावर हे आजवर चार-पाच वेळा घडले आहे. ठरवलेली पाने १२ आणि प्रत्यक्ष जेवणारी २८, असा प्रकार. माहेरवाशिणीच्या सणाला कोणाला नाही म्हणायचे नसते आणि म्हणावेसे वाटतही नाही. म्हणून ही अडचण दरवर्षी येणार हे धरून तिच्यावर जे उपाय खरोखर लागू पडले, ते येथे मांडत आहे.

हे लेखन पुरणावरणाच्या नैवेद्यापुरते आहे. कोकणात काही घरी घावन-घाटले असते, काही घरी दुसऱ्या दिवशी तिखटाचा, म्हणजे मांसाहारी जेवणाचा, सण असतो, आणि विदर्भ-मराठवाड्यात महालक्ष्म्यांपुढे सोळा भाज्या आणि आंबील लागते. तेथे पदार्थ आणि वेळा वेगळ्या असतात, मात्र स्वयंपाक अडतो तो बहुधा याच ठिकाणी.

अडचण शिध्याची नसते, विस्तवाची असते

पाने वाढली की आपण पहिल्यांदा डाळ, गूळ, तांदूळ यांचा हिशेब करतो आणि घरातल्या कोणाला तरी वाण्याकडे पिटाळतो. वाण्याचे दुकान रात्री दहापर्यंत उघडे असते, शिधा मिळतो. जे मिळत नाही ते म्हणजे तिसरी शेगडी आणि दुसरा मोठा तवा. पाने दुप्पट झाली म्हणून शेगड्या दुप्पट होत नाहीत, आणि मोठ्या जेवणाची बहुतेक फजिती येथूनच सुरू होते.

पोळीचेच गणित पाहावे. पुरणपोळी दोन्ही बाजूंनी नीट भाजायला अडीच मिनिटे धरली आणि पानामागे दीड पोळी धरली, तर नैवेद्याच्या मिळून ४५ पोळ्या होतात. एका तव्यावर याला जवळजवळ दोन तास लागतात. दोन तवे ठेवले तर तासाभरात काम होते, पण त्या तासात दोन्ही शेगड्या अडकलेल्या असतात आणि भात, आमटी, तळण यांतले काहीही करता येत नाही. म्हणून कागद घेऊन पदार्थांची यादी करण्याऐवजी शेगड्यांची यादी करावी. कागदाच्या दोन रकाने पाडून त्यांत तासांप्रमाणे कोणत्या शेगडीवर काय, एवढेच लिहावे. मी हे पहिल्यांदा केले तेव्हा सकाळी दहा ते अकराच्या रकान्यात एका शेगडीवर तीन भांडी आली होती. तो घोटाळा रात्री आठला कागदावर दिसला म्हणून सुटला. सकाळी ओट्यापाशी उभे राहून तो सुटला नसता.

शेगड्या वाढवण्याचे मार्ग थोडे आहेत, पण आहेत. शेजाऱ्यांकडून इंडक्शन शेगडी मागून आणावी. तिला सपाट बुडाचे, लोहचुंबक चिकटेल असे भांडे लागते आणि ती साधारण २००० वॅटची असल्याने मोठ्या, १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावावी, त्याच बोर्डावर गीझर किंवा मिक्सर एकाच वेळी चालवू नये. साध्या भातासाठी विजेचा भाताचा कुकर मिळाला तर तोही चालतो. पाणी उकळायला विजेची किटली वापरली तरी शेगडीचा बराच वेळ वाचतो, कारण घरगुती शेगडीवर १० लिटर पाण्याला आधण यायला अर्धा-पाऊण तास सहज जातो. गॅसची टाकी किती उरली आहे हे त्याच रात्री पाहावे. ओल्या फडक्याने टाकी पुसली की गॅस असलेला खालचा भाग उशिरा वाळतो, त्यावरून अंदाज येतो. आमच्याकडे एका वर्षी नेमका पोळ्यांच्या मध्येच गॅस संपला, आणि भरलेली टाकी गॅलरीत गणपतीच्या मखराच्या सामानाखाली होती.

रात्री काय उरकावे आणि काय उरकू नये

जेथे सोवळ्यात स्वयंपाक असतो तेथे आदल्या रात्री शिजवून ठेवणे बसत नाही. अशा घरी रात्री निवडणे-टिपणे, मोठी भांडी काढून घासून ठेवणे, शिधा मोजून वेगळ्या डब्यांत भरणे एवढेच करावे आणि पहाटे चारला डाळ चढवावी. जेथे तसा नेम नाही तेथे पुरण रात्रीच करून ठेवावे, कारण सगळ्यांत जास्त वेळ तेच खाते. मात्र भाद्रपदातली हवा दमट आणि उबदार असते. गरम पुरणाचा भरलेला टोप तसाच झाकून ओट्यावर ठेवला तर मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि सकाळी आंबूस वास येतो. पुरण दोन परातींत बोटभर जाडीने पसरावे, पंख्याखाली निववावे आणि मगच डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवावे. कटाचेही, म्हणजे शिजलेल्या डाळीच्या निथळलेल्या पाण्याचेही, तसेच, तो तर पुरणाच्या आधी बिघडतो. नारळ खवून ठेवला तर तोही फ्रिजमध्येच हवा. कोशिंबीर मात्र रात्री करू नये. काकडी चोचवून ठेवली की पाणी सोडते, म्हणून दही, मीठ आणि फोडणी हे तिन्ही पंगतीच्या आधी दहा मिनिटे.

आता पुरणाविषयी, कारण निम्म्या तक्रारी त्याच्याच असतात

२८ पानांना दीड किलो हरभऱ्याची डाळ पुरते. किलोभर डाळीच्या मध्यम आकाराच्या ३० ते ३५ पोळ्या होतात. घाईत ही सगळी डाळ एकाच कुकरमध्ये कोंबण्याचा मोह होतो, तो टाळावा. डाळ उकळताना फेसाळते, तिची साले शिट्टीच्या नळीत अडकतात आणि वाफेला वाट राहत नाही. पाण्यासकट कुकर निम्म्याहून अधिक भरू नये. म्हणजे ५ लिटरच्या कुकरमध्ये एका वेळी पाऊण किलोच डाळ. दोन घाणे करावेत, प्रत्येकात चमचाभर तेल आणि चिमूटभर हळद घालावी. तेलाने फेस बसतो.

डाळ शिजतच नाही, ही तक्रार बोअरवेलचे पाणी वापरणाऱ्या घरांत हमखास येते. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीच्या पेशींना घट्ट धरून ठेवते, आणि डाळ जुनी असेल तर ती आणखी हट्टी होते. पिण्याचे, गाळणीयंत्रातले पाणी शिजवायला वापरावे. भिजवायला चार तास नसतील तर कडकडीत गरम पाण्यात तासभर भिजवावे, आणि डाळ जुनी असल्याची शंका असेल तर भिजवण्याच्या पाण्यात किलोला अर्धा चहाचा चमचा खायचा सोडा घालून ते पाणी टाकून द्यावे. डाळ बोटाने दाबल्यावर पूर्ण मोडली पाहिजे. ती अर्धवट शिजलेली असताना गूळ घातला तर नंतर कितीही आटवली तरी मऊ होत नाही, आणि ही चूक दुरुस्त करता येत नाही. म्हणून घाई कितीही असली तरी येथे एक शिट्टी जास्तच द्यावी.

पुरण सैल होणे ही दुसरी आणि अधिक नेहमीची तक्रार. कारण बहुधा एकच असते, ते म्हणजे कट पुरता निथळलेला नसतो. थोड्या डाळीला वरवर निथळणे चालते, पण दीड किलो डाळीच्या ढिगात पोटातले पाणी अडकून राहते. मोठ्या चाळणीत डाळ काढावी, दहा मिनिटे सोडावी, मधून एकदा हलक्या हाताने खालीवर करावी. मग बरोबरीने किंवा थोडा कमी गूळ घालून आटवावे. गूळ विरघळला की पुरण आधी पातळ होते आणि नवखी मुलगी घाबरते, पण तेथून ते परत घट्ट होत जाते. उलथने मध्यभागी उभे करावे, ते न कलंडता उभे राहिले की झाले.

हे आटवणे एका खोल टोपात करू नये. दोन पसरट, जाड बुडाच्या कढयांत निम्मे-निम्मे करावे. पाणी उडते ते पृष्ठभागावरून. खोल टोपात ढीग मोठा आणि तोंड लहान, म्हणून वेळ दुप्पट लागतो आणि बुडाला लागते ते वेगळेच. अशाच एका रात्री मी नेमके हेच चुकीचे केले होते. सव्वा तास झाला तरी उलथने कलंडतच होते, आणि पुरणातून जाड बुडबुडे फुटून त्याचे थेंब मनगटावर उडत होते. सासूबाई देवघरातून आल्या, त्यांनी काही न बोलता निम्मे पुरण लोखंडी कढईत ओतले, पदर खोचला आणि दुसरी शेगडी पेटवली. पंचवीस मिनिटांत दोन्ही कढयांत उलथने उभे राहिले. तेव्हापासून मी पुरणाला दोन कढया घेते.

पुरण वाटून झाल्यावर सैल असल्याचे लक्षात आले तर पुन्हा आटवताना ते फार उडते, तेव्हा आधी परातीत पसरून पूर्ण निववून पाहावे. निवल्यावर ते बरेच घट्ट होते. तरीही हाताला चिकटत असेल तर दोन-तीन चमचे बेसन तुपावर खमंग भाजून त्यात मळावे. कच्चे बेसन किंवा कोरडी कणीक घालू नये, तिची चव लागते. उलट पुरण कोरडे पडले असेल तर कोमट दुधाचा हात लावून मळले की पुरते.

पुरण गरम असतानाच वाटावे. गार झाल्यावर पुरणयंत्र फिरवायला दुप्पट जोर लागतो. एवढ्या मोठ्या प्रमाणाला हाताने वेळ नसेल तर निथळलेली डाळ गूळ घालण्याआधीच मिक्सरमधून कोरडी फिरवून घ्यावी आणि मग आटवावी. पुरणयंत्राची सर तिला येत नाही, पण पोळी फुटत नाही, आणि आयत्या वेळच्या स्वयंपाकात तेवढे पुष्कळ आहे.

पोळी फुटते तेव्हा दोष पुरणाचा समजला जातो, पण अनेकदा तो कणकेचा असतो. कणीक आणि पुरण एकाच मऊपणाचे असावे लागतात. कणीक घट्ट आणि पुरण मऊ असेल तर लाटताना पुरण पुढे पळते आणि कडा फाडते. कणकेला एरवी दोन तास मुरायला हवे असतात. तेवढा वेळ नसेल तर निम्मा मैदा घ्यावा, कोमट पाण्यात सैल भिजवावे, तेल घालून चांगले तिंबावे आणि पाऊण तास तरी ओल्या फडक्याखाली ठेवावे. याहून कमी वेळात मला कधी जमलेले नाही.

आणि एवढे करूनही ४५ पोळ्या होणार नाहीत असे रात्रीच दिसले, तर ते मान्य करण्यात कमीपणा नाही. नैवेद्याच्या पाच पोळ्या, पुरण आणि आरतीचे पुरणाचे दिवे नेमाप्रमाणे करावेत. प्रत्येक पानावर एक पोळी वाढावी आणि जोडीला शिरा करावा. किलोभर रवा, किलोभर साखर, पाऊण किलो तूप आणि तीन लिटर उकळते दूध-पाणी एवढ्यात २८ पानांचा शिरा होतो आणि एकच शेगडी पाऊण तास लागते. दूध-पाणी उकळतेच घालावे, गार घातले तर एवढ्या रव्यात गाठी मोडत नाहीत.

भाताचे पाणी आणि मिठाचा प्रश्न

साध्या भाताला १ किलो आणि मसालेभाताला सव्वा किलो तांदूळ २८ पानांना पुरतो. घरी वाटीला दोन वाट्या पाणी घालण्याची सवय असते. तेच माप सव्वा किलोला लावले की मसालेभाताचा गिचका होतो, कारण मोठ्या भांड्यात त्या मानाने वाफ कमी उडते आणि तोंडलीही पाणी सोडतात. वाटीला पावणेदोन वाट्या, तेही उकळते, एवढे पुरे. पाणी आटत आले की भांड्याखाली तवा सरकवावा, वर जड झाकण ठेवावे आणि आच अगदी मंद करावी. वरचा थर टचटचीत राहिला तर गरम पाण्याचा हबका मारून ओले फडके झाकणाखाली घालावे. खाली लागल्याचा वास आला तर ढवळू नये आणि बूड खरवडू नये. वरचा भात डावेने अलगद उचलून दुसऱ्या पातेल्यात काढावा आणि लागलेला थर तेथेच सोडावा. ढवळले की तो वास सगळ्या भाताला लागतो.

मिठाचा प्रश्न या सणाला खास आहे, कारण नैवेद्याआधी चव पाहायची नसते. रोजच्या प्रमाणाला हात बसलेला असतो, पण अंदाजाने तिप्पट करताना तो चुकतो. म्हणून मीठ मोजूनच घालावे. किलोभर तांदळाच्या मसालेभाताला दोन सपाट मोठे चमचे, आणि आमटीला लिटरमागे दीड सपाट चहाचा चमचा. हे प्रमाण थोडे आळणीकडेच आहे आणि ते मुद्दाम तसे ठेवले आहे. नैवेद्याची ताटे भरून झाली, पाणी फिरवले, आरती झाली की मग प्रत्येक पातेल्याची चव पाहून वरून मीठ घालता येते. खारट झालेले मात्र मागे घेता येत नाही. कटाच्या आमटीत एरवीही वाढवावाढवी सोपी असते. त्यासाठी गूळ घालण्याआधी वाटीभर शिजलेली डाळ बाजूला काढून ठेवावी. आमटी अपुरी पडली तर ती डाळ वाटून, गरम पाणी आणि चिंचेचा कोळ घालून लिटर-दीड लिटर वाढवता येते, आणि गोड्या मसाल्याची दुसरी फोडणी दिली की पातळ केल्याचे कळत नाही.

भाज्यांवर फार बोलण्यासारखे नाही. बटाट्याची भाजी तीन किलोची, एक भोपळ्याची, एवढे ठेवावे. अळूचे फदफदे सर्वांना आवडते, पण पाने निवडायला, देठ सोलायला वेळ जातो आणि चिंच कमी पडली तर घसा खाजतो. आयत्या वेळी ते सोडून द्यावे, किंवा येणाऱ्या नणंदेलाच घरून करून आणायला सांगावे. कुरडया-पापड सकाळी सर्वांत आधी तळून घट्ट झाकणाच्या डब्यात भरावेत, दमट हवेत उघडे राहिले तर तासाभरात वातड होतात. भजी मात्र शेवटीच.

पंगत दोन वेळा बसवावी

एवढ्या सगळ्यावर सर्वांत मोठा दिलासा पंगत देते. २८ जणांना एकदम बसवण्याइतकी जागाही घरात नसते. पहिल्या पंगतीला सवाष्ण, मुले, वयस्कर माणसे असे १४, आणि तासाभराने उरलेले. असे केले की पोळ्यांचे दोन तास सलग सापडण्याची गरज उरत नाही. नैवेद्याआधी पाऊण तासात दोन तव्यांवर ३० पोळ्या होतात, आणि पहिली पंगत जेवत असताना एका तव्यावर उरलेल्या. साधा भातही दोन घाण्यांत करावा. दुसरा घाणा पहिल्या पंगतीचे वरण-भात वाढून होताच चढवला की दुसऱ्या पंगतीला तो गरम मिळतो.

येणाऱ्या पाहुण्यांना कामे सांगायला संकोचू नये. "ताई, तुम्ही पोळ्या लाटा, मी भाजते," एवढे म्हटले की बहुतेक जणी आनंदाने पदर खोचतात. माहेरी आल्यावर ओट्यापाशी उभे राहायला मिळावे, हे त्यांनाही हवेच असते. मात्र दोघींच्या हाताला दोन वेगळी कामे असावीत. एकाच परातीत दोघींनी पुरण भरले की उंडे लहानमोठे होतात आणि शेवटी पुरण उरते, कणीक संपते. आमच्याकडे उंड्यांचे काम कायम मोठ्या नणंदेकडे असते. ती पुरणाचे लिंबाएवढे ४५ गोळे आधी मोजून ताटात मांडते आणि त्यानंतरच कणकेला हात लावते.